शेवटच्या मालकाचं नाव

१३ तारीख, सोमवार

प्रिय चिमणे,

काकाचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. काकूचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं, म्हणजे काळजी नको.

तुमच्या बँकेने त्या परदेशातल्या बंदरात पैसे घालण्यातून अंग काढून घेतल्याचं पेपरात आलं. मी शिलाईच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. इस्त्रीवाला म्हणतो, "मास्तर, बंदराच्या कंपनीचा मालक शोधायला एवढी शिकलेली पोरगी कशाला? पाटीवर नसतं होय?"

म्हटलं, "अरे, पाटीवरची कंपनी दुसरीच्या मालकीची, दुसरी तिसरीच्या. कोट उसवावा तर अस्तराखाली अस्तर! पैसे घालण्याआधी आत माणूस कोण ते दिसायला नको? आमची चिमणी शेवटच्या टाक्यापर्यंत उसवत गेली." छाती अशी फुगली म्हणतेस!

"मग शेवटी निघालं कोण?" त्याने विचारलं. मी मशीन सुरू केलं.

तुझा दादा सध्या घरीच असतो. त्याच्या शेठने कामावरून काढलं. 'संचालक' असं छापलेलं त्याचं कार्ड मीच गल्लीभर दाखवत फिरलो होतो. आम्हाला वाटलं, बढती! शेठ सही कर म्हणायचा, हा करायचा. बंदर शेठचं, शेवटच्या कागदावर नाव माझ्या लेकाचं.

काल जेवताना भडकला. "तिला एक फोन करता आला नाही? सख्खी चुलत बहीण ना?"

काकू म्हणाली, "फोन करून काय सांगणार होती? पळ म्हणून?"

तुझ्या आईकडून कळलेलं मी त्याला सांगितलं. "तिने तुझं नाव लपवलं नाही, तसं हा माझा भाऊ आहे हेही साहेबापासून लपवलं नाही. नोकरी पणाला लावून बसली होती पोरगी. तुझा शेठ मात्र तुझ्या आड लपला. आता तुझं कोण, ते तूच ठरव."

आज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून चौकशीवाल्यांकडे गेला. शेठचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. मी येतो म्हटलं, तर म्हणाला, "नको बाबा. चिमणीबरोबर कोण होतं?"

तू फोन टाळतेस, ते आम्हाला कळतं. ह्या घरात मान खाली घालून यावं असं तू काही केलेलं नाहीस. सुट्टी मिळाली की ये. दार तोच उघडेल.

दोघांचाही अभिमान वाटणारा,
त्याचा बाप, तुझा काका