डबा अजून संडासातच आहे

प्रिय धाकट्या,

मापाच्या वहीचं पान फाडून लिहितेय. मागच्या बाजूला कुणाची तरी छाती-कंबर दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. चांगला कागद आणायला खाली उतरायचा कंटाळा आला, खरं तेच सांगते. शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरलेत आणि गणवेशांचा ढीग माझ्या खांद्याला लागलाय. दर वर्षी सुट्टीत पोरं वाढतात आणि दर वर्षी त्यांच्या आया नव्यानं चकित होतात. मग आमचं उसवा, सोडा, पुन्हा शिवा. संध्याकाळी डोळे मिटले तरी टाके दिसतात. दमलेय रे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा सूर चिडका लागला तर तो कामाचा शीण समज. तुझ्यावर चिडलेय ते वेगळं, त्याकडे येतेच.

आई बरी आहे, म्हणजे कुरकुर करण्याइतकी बरी आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून खाली उतरतच नाही, आणि दिवसभर फोन कानाशी लावून आपल्या पॉडकास्टचे जुने भाग पुन्हा पुन्हा ऐकते. तक्रार तीच. ही पोरं भुतांमागे हिंडतात तर अभ्यास कधी करतात, आणि यांचे आईबाप काय झोपलेत का. दर रविवारी मी वर आले की विचारते, डबा बाहेर आला का. मी नाही म्हणते. मग ती माझ्याकडे बघते आणि चहाचं आधण ठेवायला सांगते.

आठवतं का, पहिल्यांदा बसलो तेव्हा आपल्याला खेळ धड कळलाही नव्हता. चार मोठी माणसं, रविवारी सकाळी, कापायच्या टेबलाभोवती, दुकानाचं शटर अर्धं ओढून. भिंतीला कापडाचे तागे आहेत म्हणून आवाज घुमत नाही, हा शोध तुझा. मी गोष्ट पुढे न्यायची, तुम्ही तिघांनी तिच्यातली पोरं व्हायचं आणि कुणाचं काय होतं ते फाशानं ठरवायचं. एक छोटं गाव आणि गावात काहीतरी आहे, एवढंच ठरलं होतं. पॉडकास्टचं नावही तेच राहिलं. आपल्या बसड्रायव्हरनं, त्या धिप्पाड दाढीवाल्यानं, शिटी नावाची आठ वर्षांची पोरगी व्हायचं ठरवलं आणि पहिल्याच वाक्याला असा काही नाजूक आवाज काढला की गणिताच्या बाई खुर्चीवरून पडता पडता राहिल्या. बाईंनी घेतलेला पोरगा उलटतपास, जो भुताकडेही पुरावा मागतो. आणि तुझा डबा. जेवणाचा डबा छातीशी धरून फिरणारा, संकट दिसलं की झाकण फेकून मारणारा आणि आत काय आहे ते कुणाला म्हणून न सांगणारा. पाण्याच्या टाकीत बसून गावाची गुपितं बरळणारी म्हातारी झाली, पुस्तक उशिरा परत करणाऱ्याच्या उशाशी येऊन खाकरणारं वाचनालयातलं भूत झालं, सगळ्यांना तुम्ही पिटाळलंत. मी एवढी हसायचे की भाग जोडताना माझं हसू कापण्यातच तास जायचा.

आपला नियम तुला माहीतच आहे. खेळाडू आला नाही तर त्याचं पोर संडासात गेलंय असं समजायचं. ड्रायव्हरला रविवारची पाळी लागली तेव्हा शिटी गेली, बाई पेपर तपासत होत्या तेव्हा उलटतपास गेला. फार तर दोन भाग. डबा अकरा भाग आत आहे. ऐकणारे लिहून विचारतात, पोराला झालंय तरी काय. एकानं लिहिलं, बाहेरून कडी घातली असेल, बघा. एका आजींनी पोटाचं औषध कळवलंय, दिवसातून दोनदा घ्यायचं. आम्ही उत्तर देत नाही. आम्ही खेळतोय, म्हणजे ओढतोय. तू नसलास की ड्रायव्हरचे विनोद जमिनीवर पडतात आणि उचलायला कुणी नसतं. गेल्या रविवारी मला पुढचं काही सुचेना, म्हणून मी नववी घंटा वाजवली. शाळेला तास आठ. नववी घंटा झाली की जो वर्गात असेल तो त्या तासाला अडकतो, आणि तो तास कधी संपत नाही. शिटी आणि उलटतपास दोघंही बाकावर होती. बाहेर उरलेलं पोर एकच, कारण ते संडासात होतं. बाई म्हणाल्या, हे तू मुद्दाम जुळवलंस. शप्पथ, नाही. पण आता येत्या रविवारी शेवटचा भाग करून थांबायचं असं ठरलंय. मला यापुढे झेपणार नाही. आणि डब्याशिवाय तो भाग होत नाही.

आता त्या पुठ्ठ्याबद्दल लिहिते. अकरा आठवडे त्याला बगल देतेय. संकटाचा फासा मीच टाकायचा, समोर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून, कुणाला न दाखवता, आणि आलेला आकडा मोठ्यानं सांगायचा. वीस बाजूंचा हिरवा फासा. आकडा लहान तर गत वाईट. माझी खोड तुला लहानपणापासून माहीत आहे. हातात टेप धरली की ओठ हलतात, आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटल्याशिवाय मला वाचताच येत नाही. फाशाचंही तसंच व्हायचं. टेबलाशी कुणाला ऐकू जायचं नाही, पण माझा माइक अगदी तोंडाशी, तो सगळं टिपायचा. भाग जोडताना ती पुटपुट मी दर आठवड्याला कापून टाकायचे. त्या आठवड्यात ताप होता, बसवेना, म्हणून मीच तुला म्हटलं की या खेपेला तू जोड. तू जोडायला बसलास आणि माझ्या तोंडून आधी ऐकलंस दोन, मग ऐकलंस चौदा. दुसरा कुणी असता तर ताईचा घोटाळा झाला म्हणून सोडून दिलं असतं. तू जुनी सगळी रेकॉर्डिंग काढलीस. बासष्ट भाग. सव्वीस वेळा मी आकडा बदलला होता, आणि सव्वीसही वेळा डब्यासाठीच.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू ती यादी टेबलावर ठेवलीस आणि हळू आवाजात म्हणालास की बाहेर सगळेच माझ्यासाठी आकडे बदलतात. डॉक्टर आईला पाऊण सांगतात, आई तुला अर्धं सांगते, तू मला पाव सांगतेस. रविवारी सकाळी या टेबलाशी तरी माझ्या किडन्या कुणाच्या डोक्यात नसतील असं वाटलं होतं. मग हेडफोन नीट गुंडाळून ठेवलेस आणि गेलास. पंधरा दिवसांत दुसऱ्या गावच्या छापखान्यात नोकरीही धरलीस. मला राग आला, अजून आहे. कुणाच्या पानात मीठ जास्त घातलं होतं का मी. खेळच होता ना. एक खोटं पोर वाचलं तर कुणाचं काय गेलं. ड्रायव्हरला कळलं तेव्हा तो तर आठवडाभर फुगून होता. शिटीचा पाय दोनदा मोडला, तेव्हा तुझा दयाळू हात कुठे गेला होता, असं विचारत होता. मी हसले आणि मग हसू येईना. कारण खरंच होतं. शिटीचा पाय मोडला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. गोष्टीत पोरांचे पाय मोडतात. डब्याचा फासा टाकताना मात्र, लहान आला तर काय म्हणायचं, ते मी आधीच ठरवून ठेवायचे. पुठ्ठ्याआड डबा नसायचाच, तू असायचास.

आणि अजून एक आहे, जे तुझ्या यादीत नाही. दीड वर्षापूर्वीचा तुझा तो पहिला रिपोर्ट. तो तुला शुक्रवारी मिळाला असं तुला वाटतं. तो त्याच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी आला होता. दुकानाच्या पत्त्यावर, माझ्या हातात. मी तो इस्त्रीच्या वाफेवर धरला, डिंक सुटला, वाचला आणि पुन्हा चिकटवला. कडा इतक्या नीट दाबल्या की तुला कळलं नाही. कळणार नाही असं शिवणं हाच तर माझा धंदा आहे. नऊ दिवस मी तो कात्रीच्या खणात ठेवला. तू त्या आठवड्यात खुशीत होतास, तुला कुठून तरी ते फासे मिळाले होते, एकदा खेळून बघू म्हणून सगळ्यांच्या मागे लागला होतास. मला वाटलं, ह्याचा एक रविवार चांगला जाऊ दे. आपला पहिला भाग त्या नऊ दिवसांतला आहे. डब्यासाठी मी पहिल्यांदा फासा टाकला, तेव्हाही दोनच आले आणि मी चौदाच म्हणाले. तो खोटा आकडा तू मोजलास. का बोलले ते तुला माहीत नव्हतं. नऊ दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले, मी त्यांना नंतर विचारलं होतं. पण बिघडलं असतं तर काय, हे मी आजवर स्वतःला विचारू दिलेलं नाही. ते नऊ दिवस तुझे होते. तू हसायचं की रडायचं, कुणाला सांगायचं, खेळायला यायचं की नाही, हे तू ठरवायचं होतंस. मी चुकले. माफ कर असं लिहिते आणि पुढे काही जोडत नाही.

हे सगळं आजच लिहायला बसण्याचं कारण ऐक. सोमवारी पाकीट आलं. त्या इस्पितळाचं, तुझ्या नावाचं, पत्ता अजून दुकानाचाच. वर तपासणीची तारीख आहे. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी तू इथे आला होतास. इस्पितळातून बसस्थानकाकडे जायचा रस्ता आपल्या दारावरून जातो. तू दारावरून गेलास आणि आत आला नाहीस. मला फार लागलं ते, आईला सांगितलेलं नाही. तीन दिवस ते पाकीट टेबलावर आहे आणि शेजारी इस्त्री तापलेली. गणवेश आहेत, बंद कशी ठेवणार. मी ते उघडलेलं नाही. उजेडासमोर धरूनही बघितलेलं नाही. डिंकाची कड तू बोट फिरवून तपास, तुझा हक्क आहे. उद्या ड्रायव्हरची तुझ्या गावची फेरी आहे, तो हे पत्र आणि पाकीट तुझ्या हातात देईल, आणि कागदात गुंडाळलेला हिरवा फासा. पुठ्ठा मी कापला, त्यातून कॉलरचे साचे केले. बस तुमच्या स्थानकावर वीस मिनिटं थांबते. डब्यासाठी फासा तू टाक, ड्रायव्हरच्या समोर. त्याला दया नाही हे तुला माहीत आहे. आठच्या वर आला तर डबा वर्गाचं दार उघडून दोघांना बाहेर काढेल. आठ किंवा खाली आला तर तोही नवव्या तासाला बसेल आणि गोष्ट तिथे संपेल. रविवारी आलास तर तुझी खुर्ची आहे. नाही आलास तर आकडा ड्रायव्हरजवळ दे. पाकीट कधी फोडायचं, आत काय आहे ते आम्हाला कळवायचं की नाही, हे तुझं तू बघ, मी विचारणार नाही. फाशावर जो आकडा येईल तो मात्र मी माइकसमोर आहे तसा वाचीन, दोन आले तर दोनच.

तुझीच,
ताई