मुद्दाम हरलेला सामना

ताई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

काल सकाळी देवाला हात जोडले आणि आपल्या गोलकीपरच्या बोटांना पट्ट्या बांधायला बसलो. पोर खाली मान घालून म्हणाली, "सर, आज मुद्दाम हरायचंय. म्हणजे पुढच्या फेरीत सोपा संघ येईल. मोठ्या सरांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मोठे सर म्हणजे आपले दाजी. त्यांना विचारलं, तर हसले. "मेहुणे, तुम्ही पट्ट्या बांधा."

देशाच्या मुली हँडबॉलच्या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच जिंकत होत्या गं.

दाजींची तब्येत ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

त्यांनीच मला बोट धरून या खेळात आणलं, म्हणून काल गप्प राहिलो. यापुढे तुझ्या घरी मला कोणी बस म्हणेल की नाही, ठाऊक नाही. आज स्पर्धेच्या प्रमुखांना सगळं सांगून आलो.

तुझाच,
धाकटा