यानाची भिंत

३ जानेवारी
प्रेसमधली नोकरी सोडली. नाहीतर साबणाच्या लेबलांवर चित्रं काढण्यात जन्म गेला असता. मालकांना म्हटलं, आता एकदम पडद्यावरच नाव वाचा. तुझी खुर्ची रिकामी ठेवतो, म्हणाले. जळतात, दुसरं काय.
कॉलेजचा मित्र स्वतःच्या हिमतीवर सायन्स फिक्शन सिनेमा काढतोय. स्टोरीबोर्ड माझा. म्हणजे प्रत्येक शॉट आधी मी काढणार, मग तो तसाच कॅमेऱ्यात घेणार. थोडक्यात, खरा दिग्दर्शक मी.

९ जानेवारी
कागद रद्द. जाड पुठ्ठ्यावर, पूर्ण रंगात काढायचं. पुढेमागे प्रदर्शन भरलं तर? पुठ्ठे घरी आले. बायकोने विचारलं, पलंग कुठे गेला. आहे, पुठ्ठ्यांमागे.

२ फेब्रुवारी
फ्रेम पहिली: यानाचं दार उघडतं. दाराचे स्क्रूसुद्धा रंगवले. मित्राचा फोन आला. काड्यांची माणसं काढ, पण लवकर दे, म्हणाला. अपमान गिळला. उद्यापासून वेग वाढवणार.

३ फेब्रुवारी
आधी ब्रश धुतले. त्यातच दिवस गेला.

११ मार्च, दुपारी
शूटिंग सुरू झालंय म्हणे. घाबरण्यासारखं काही नाही, माझं दार पूर्ण उघडलंय. आतून कोण येतं, एवढंच काढायचं राहिलंय.
मित्राने सगळे पुठ्ठे मागवले. कोरेसुद्धा. माझ्यावर केवढा हा विश्वास! बायकोला सांगताना डोळे भरून आले. सेटवर यायला तिने रजा टाकली.

१४ मार्च
यान बघितलं. करड्या, ताठ भिंती. सुरेखच. दाराजवळ एका कोपऱ्यात रंग पातळ बसला होता. त्याखाली माझा स्क्रू दिसला.
मित्र म्हणाला, "प्लायवूड परवडेना रे. तुझा पुठ्ठा कसला दणकट निघाला! नाव देतोय तुझं." कशाखाली, ते विचारलं. साहित्य पुरवठा.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको भिंतीवरून हात फिरवत राहिली. घरी येईपर्यंत ती एवढंच बोलली, "उभी मात्र छान राहिलीय."

१५ मार्च
पलंग परत दिसायला लागलाय. दुपारपर्यंत त्यावरून उठलो नाही.
मग प्रेसमध्ये फोन केला. खुर्ची खरंच रिकामी ठेवली होती. मालकांनी विचारलं, पडद्यावर नाव येणार ना? हो म्हटलं. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही.
भला माणूस आहे.