पेलोबाई खोलीत असताना

३ मार्च १८१४, बाथ

अखेर माझं घर! बाबांनी गेल्या वर्षी, जाण्याआधी घेतलेलं. दिवाणखान्याला पिवळे रेशमी पडदे, मागे पेअरची दोन झाडं, आणि टेबलाच्या खणात ही कोरी करकरीत वही. इथे आधी राहणारी मुलगी म्हणे कुठेशी निघून गेली, वही राहिली.

दाताखाली खडा एकच. लग्न न झालेली मुलगी एकटी राहिली, तर बाथमध्ये तिच्या दारी कुत्रंही फिरकत नाही. म्हणून काकांनी सोबतीला मिसेस पेलो नावाची विधवा ठेवली आहे. त्या आधीच्या मुलीकडेही होत्या. लोकर विणतात, चहात बिस्किट बुडवतात, आणि मी उठले की उठतात. असो. एकवीस तारखेला मला एकविसावं पूर्ण होतं. त्या दिवशी दुपारी बाराला वकील मिस्टर स्टॅव्हलींसमोर सही केली की घर माझं. नाही केली, तर सगळं चुलतबहीण केझायाला. पण मी कशाला चुकवते!

९ मार्च

भेटकार्डं छापून आली. वर ठसठशीत 'मिसेस पेलो', खाली बारीक अक्षरांत मी, होनोरिया थॅकवेल. रीतच आहे ती, पण घर कुणाचं?

लेडी ऑर्मबी आल्या, तेव्हा पेलोबाई लोकर आणायला वर गेल्या होत्या. मी पुढे होऊन अभिवादन केलं. लेडी ऑर्मबींनी डॉर्कसला, माझ्या मोलकरणीला, विचारलं की घरी कुणीच नाही का. मग आरशात टोपी नीट करत उभ्या राहिल्या. पेलोबाई खाली आल्या आणि लेडी ऑर्मबींना एकदम मी दिसले; माझी विचारपूस सुरू झाली. असला शिष्टपणा मी जन्मात पाहिला नाही.

१५ मार्च

पुन्हा तेच, या वेळी चर्चमध्ये. पेलोबाईंना सांगितलं. त्यांनी आधी टाके मोजून पुरे केले.

“मी जवळ असते म्हणून लोक तुम्हाला बघतात, मिस थॅकवेल.”

मी म्हटलं, मग मांजर पाळलं तरी भागेल की. त्या हसल्या नाहीत. मला अपमान वाटला, तो अजून वाटतो आहे.

२० मार्च

काढून टाकलं त्यांना. स्वतःच्या घरासाठी सही करायची, ती काय दाईचं बोट धरून? उद्यापर्यंत थांबू का, असं त्यांनी विचारलं. नको म्हटलं. बिनतक्रार पेटी भरून गेल्या. सुंठीवाचून खोकला गेला.

जेवणाच्या वेळी डॉर्कसनं माझं ताट मांडलं नाही. तीनदा घंटा वाजवली. ती आली, खोलीभर पाहिलं, घंटेची दोरी ओढून बघितली आणि गेली.

२१ मार्च, सकाळ

वही कोरी नव्हती. पहिल्या पानावर, माझ्या ओळींच्या मागे, फिकट अक्षरं. दुसऱ्याच कुणाच्या हातची. 'पेलोबाईंना जाऊ देऊ नका.' कालपर्यंत दिसत नव्हती ती.

हात दाखवून अवलक्षण केलं मी. डॉर्कसचा दंड धरला. ती शहारली, उठून खिडकी लावली. फार भीती वाटते आहे.

दुपार

स्टॅव्हली आले. समोर बसून सही केली — मोठी, टपोरी. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. घड्याळ पाहिलं.

“तुझ्या बाईसाहेब पळाल्या वाटतं,” ते डॉर्कसला म्हणाले. “कागद कोराच आहे.”

मी त्यांची बाही ओढली. दोन्ही हातांनी —

२ एप्रिल

केझाया आली. अठरा वर्षांची. मागोमाग पेलोबाई, लोकर घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ. मग तिला खुर्ची दिली — माझी.

तिनं खण उघडला. कोरी वही मिळाली म्हणून खूश झाली. तिच्या हाताखाली वाकून लिहिते आहे — केझे, काहीही कर, पण या बाईला कधी काढू —

तिनं लेखणी बुडवली. माझ्याच ओळीवर —

अखेर माझं घ