सहरीच्या ऑर्डरी

अहो अबांग,

रोजाआधी पहाटे, सहरीच्या वेळी आलेली आपल्या नास्तार बिस्किटांची एकही ऑर्डर टिकत नाही; पैसे न भरले गेल्याने रद्द होते. दुपारच्या सगळ्या टिकतात.

"तुझ्या भावानं मित्राची पेमेंट गेटवे कंपनी आपल्या गळ्यात मारली आणि कमिशन खाल्लं," असे तुम्ही काल झुल्हामबद्दल म्हणालात. संशय मलाही होता. म्हणून आज सहरीला मीच एक ऑर्डर दिली आणि कोपऱ्यावरचे दुकान उघडताच ऑर्डरसोबत आलेला, तिथे रोख पैसे भरण्याचा कोड घेऊन गेले. गल्ल्यावरची मुलगी हसली. "ताई, हा कोड केव्हाच मेलाय! झोपेत ऑर्डर दिली होती का?"

मी येईपर्यंत झुल्हामला घराबाहेर काढू नका. कोडची मुदत वाढवून घेण्यासाठी कंपनीत गेले आहे. आपले गिऱ्हाईक सहरीला ऑर्डर देते आणि पैसे दुकानात रोख भरते. या कंपनीचा कोड दुकान उघडण्यापूर्वीच बाद होतो.

यस्मीदा