दगाफटका

मंगळवार, संध्याकाळ. एकोडी.

घरून निघताना आई रोज म्हणते, "सांभाळून जाय, दगाफटका होईन." मला तो शब्द जुना वाटायचा. आज नाही.

विजेच्या खांबावर चढण्याआधी वीज बंद करायला डीपीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून मी नेहमीसारखे माझ्या पिशवीत ठेवले. वर हात लावण्याआधी टेस्टर लावला, तर त्याचा दिवा लागला; तारेत वीज होती. खाली फ्यूजच्या जागी कोणीतरी तार बांधली होती. तिथे फक्त माझे सहकारी सुधाकरभाऊ उभे होते. परवा त्यांच्या भावाने तारेवर टाकलेला वीजचोरीचा आकडा मीच काढला.

"कोन्या शेतकऱ्यानं केलं असन, ताई. कायले घाबरून राहिल्या?"

तार आमच्याच गाडीतली होती.

फ्यूज तर तेव्हाही माझ्या पिशवीतच होते. दग्याला ओळखीचाच माणूस लागतो का?

उद्या माझी शिडी तेच धरणार आहेत.