हिवाळा, सायकल आणि शोरूममध्ये नसलेली मोटारसायकल

पिंपळवंडी,
२१ एप्रिल

आदरणीय पोपटमामा यांस,

राजरत्नचा सविनय जय भीम. मामींनाही माझा जय भीम सांगा आणि गेल्या खेपेच्या लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे, तेवढंही सांगा. तुमच्या पायाची सूज उतरली असेल अशी आशा आहे. इकडे आई ठीक. गुडघे दुखतात, पण शेजारी कुणाच्या घरी काय शिजलं ते बघायला जाताना दुखत नाहीत, म्हणजे काळजीचं कारण नाही. हे पत्र आमचे शेजारी गेणभाऊ घेऊन येत आहेत. उद्या त्यांची तुमच्या घोडेगावच्या कोर्टात तारीख आहे. फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. (मागच्या गुरुवारी मी सतरा मिनिटं फोन कानाला लावून होतो आणि त्यात माझ्या वाट्याला फक्त ‘पण मामा’ एवढंच आलं.) शिवाय कामावर, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात, मोबाईल बंद ठेवावा लागतो, त्यामुळे दिवसभर तुम्ही मला ओरडताय हे मला घरी आल्यावर कळतं.

विषय तुम्हाला माहीत आहे. निमगाव सावाच्या यशोधराचं स्थळ बघून आलो त्याला आठ आठवडे होत आले. त्यांच्याकडून ‘कळवतो’ याच्या पुढे शब्द नाही. सायकलमुळे आणि माझ्या तोंडामुळे हे स्थळ हातचं गेलं, असं तुमचं म्हणणं. तेव्हा सायकल विकावी, मोटारसायकल घ्यावी, आणि येत्या रविवारी आळेफाट्याचं दुसरं स्थळ बघायला दाढी करून तयार राहावं, असा तुमचा हुकूम आहे. मामा, तुम्ही माझ्या वडिलांच्या जागी आहात. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. (आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं तेही तुमच्याच शब्दाखातर. मला वेल्डिंग हवं होतं.) पण सायकल मी विकणार नाही, आणि रविवारी येणारही नाही. का, ते सविस्तर लिहितो. कृपया मध्येच पत्र खाली ठेवू नका.

आधी त्या दिवसाचं. तुम्हाला अजून वाटतं की मी मुद्दाम वाद घातला. तसं नाही. पोहे झाले, चहा झाला, तिचे वडील (तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस, त्यांना इंजिन नसलेली वस्तू वाहन वाटतच नाही) माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मी फाटकं तिकीट काढून प्रवास करतोय. मग कुणीतरी म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. मला वाटलं, पगार विचारेल, कंत्राट कायम कधी होणार ते विचारेल. तिने विचारलं, “तुम्ही रोज पिंपळवंडीवरनं खोडदला सायकलनं येता. हिवाळ्यात बरं वाटतं का उन्हाळ्यात?” मामा, एकोणतीस वर्षांत मला कुणी इतका मुद्द्याचा प्रश्न विचारलेला नव्हता. मी म्हणालो, हिवाळ्यात. ती म्हणाली, “मला उन्हाळा बरा वाटतो. मी पण सायकलनंच शाळेत जाते.” आता शिक्षिका असून चुकीचं बोलतेय म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी वीस मिनिटं हिवाळ्याची बाजू मांडली. तुम्ही खालून माझ्या पायावर तीनदा पाय दिलात. मला वाटलं, तुम्हाला मुद्दे पटतायत.

आता हिवाळा का, ते तुम्हालाही एकदा नीट कळू द्या, कारण त्या दिवशी तुम्ही ऐकत नव्हता, घाम पुसत होता. माझी ड्यूटी सातची. जानेवारीत सहाला निघायचं म्हणजे रस्ता आपल्या एकट्याचा असतो. दोन्ही बाजूंनी ऊस, त्यावर धुकं, आणि उसात बिबट्या. (असतोच असं नाही, पण आपण असतोच असं धरून चालवतो, त्यामुळे वेग चांगला मिळतो.) बिबट्या मानेवर झडप घालतो म्हणून शेतातल्या बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, हे आईने ऐकलं आणि तिने चांभाराकडून माझ्या मापाचा तसला पट्टा करून आणला. डोक्यात माकडटोपी, त्याखाली खिळे, अंगात वडिलांचं जुनं खाकी जर्किन, असा मी जातो. एकदा नेमकी वनखात्याच्या पिंजऱ्यापाशी चेन पडली. पिंजऱ्यात बिबट्यासाठी बोकड बांधलेला. मी बसून चेन चढवतोय आणि बोकड माझ्याकडे बघून इतक्या आनंदाने ओरडायला लागला की विचारू नका. बिचाऱ्याला रात्रभरात पहिली सोबत मिळालेली. त्या ओरडण्याने पलीकडे कांद्याला पाणी देणारे दादाभाऊ बॅटरी घेऊन धावत आले, उजेड थेट माझ्या टोपीवर आणि पट्ट्यावर पडला, आणि ते मागच्या मागे सरीत बसले. “बिबट्या न्हाई रं, काय तरी दुसरंच हाये!” असं ते पोराला फोनवर सांगत असताना मी माझं नाव सांगितलं, तरी त्यांचा बराच वेळ विश्वास बसला नाही. आता ते रोज हात करतात. उन्हाळ्यात अशा ओळखी होत नाहीत.

उसाच्या ट्रॉलीचंही सांगतो, कारण आईने ते तुम्हाला वेगळ्या रीतीने सांगितलं असणार. थंडीत ट्रॉलीच्या मागे मागे सायकल ठेवली की समोरचा वारा लागत नाही, हा माझा स्वतःचा शोध आहे. त्या दिवशी धुक्यात ट्रॉली थांबली ते मला कळलं नाही. मी पुढच्या चाकासकट उसात गेलो. इजा काही नाही, कारण ऊस मऊच लागतो, फक्त पाचट कानात जातं. पण मी चाक सोडवतोय तोवर ट्रॅक्टर सुरू झाला आणि माझी सायकल आणि तिचं हँडल धरलेला मी, दोघंही आमच्या गेटवरनं पुढे गेलो. वॉचमनने मला सलाम केला, मी एका हाताने घेतला. पुढच्या चढावर ड्रायव्हरने मला पाहिलं आणि म्हणाला, “ऊस पायजे व्हता तर मागायचा ना राव!” त्याने मला दोन कांड्या दिल्या. मी पंचवीस मिनिटं उशिरा, पण ऊस खात कामावर पोचलो. आणि हे सगळं झालं तरी दुपारी साडेतीनला परत निघालं की अंगावर उबदार ऊन, मागून वारा, पाय न मारता सायकल घरी येते. हे सुख मोटारसायकलवर मिळत नाही, कारण तिच्यावर वारा नेहमी समोरूनच लागतो. हा मुद्दा तिच्या वडिलांनाही खोडता आला नव्हता, तुम्हाला आठवत असेल. ते फक्त उठून आत गेले.

तरीही मी एकांगी माणूस नाही. घरी आल्यावर मला वाटलं, ती शिक्षिका आहे, विचार करूनच बोलली असेल, आपण उन्हाळ्यालाही संधी दिली पाहिजे. म्हणून मार्चपासून मी उन्हाळा मन लावून तपासतो आहे. निष्कर्ष असा की उन्हाळा वाईट आहे. साडेतीनला सायकलची सीट इतकी तापलेली असते की बसता येत नाही आणि न बसता अकरा किलोमीटर जाता येत नाही. मी सीटवर ओलं पोतं टाकून पाहिलं. सीट गार झाली, पण घरी उतरलो तेव्हा समोर आईच्या बचत गटाची मीटिंग चालू होती आणि माझ्या पँटकडे बघून सगळ्या बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. त्यानंतर तीन दिवस आमच्याकडे कुणी ना कुणी काढ्याची मुळी आणून देत होतं. वाटेत लग्नं तर विचारू नका. मांडव रस्त्यावर, वरात रस्त्यावर, सायकल काढायला जागा नाही. उतरून हातात धरून चाललो की माईकवाल्याला माझ्या गळ्यातलं ओळखपत्र दिसतं, आणि तो पुकारतो, खोडदच्या दुर्बिणीचे शास्त्रज्ञ साहेब आलेले आहेत, त्यांनी सत्कार स्वीकारावा. मी वायरिंग बघतो, असं मी प्रत्येक वेळी सांगतो, पण ढोलापुढे ऐकतंय कोण. एप्रिलच्या विसाव्या तारखेपर्यंत माझ्याकडे सात टॉवेल, सात टोप्या आणि चार नारळ जमलेत. (बाकीचे तीन नारळ उतारावर कॅरिअरवरून पडले.) आणि परतीला समोरून पश्चिमेचा वारा, असा की पायडल मारणं थांबवलं तर सायकल मागे जाईल.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, तिचा भलताच अर्थ लावू नका. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. यशोधराची शाळा खोडदच्या अलीकडच्या वस्तीवर, म्हणजे आमच्या बाजूला. त्यामुळे ती निमगाववरनं खोडद ओलांडून माझ्या दिशेने येते आणि मी तिच्या दिशेने जातो. सहा चाळीसला, मोठ्या चिंचेपाशी, आमच्या सायकली एकमेकींच्या शेजारून जातात. थांबायचा प्रश्नच नाही. तिची घंटा, माझी हजेरी, आणि आजूबाजूला टोमॅटो तोडणारे पंधरा-वीस जण. दोघं पाय टेकून उभे राहिलो तर दुपारपर्यंत दोन्ही गावांत बोभाटा. म्हणून जाता जाता जे बोलता येईल ते. एका दिवशी एक वाक्य बसतं, तेही आखूड असेल तर. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “माकडटोपी कुठाय?” माझं उत्तर तयार होईपर्यंत ती वळणाच्या पलीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, “पेटीत.” ती हसली. (नंबर मागावा असं मनात आलं होतं, पण त्यात अख्खा एक दिवस खर्ची पडला असता.) पुढचे आठ दिवस आम्ही फक्त वाऱ्यावर बोललो आणि शेवटी उलगडा झाला. उन्हाळ्यात ती बाराला शाळा सुटून पूर्वेला घरी जाते तेव्हा जो वारा तिला मागून ढकलतो, तोच मला साडेतीनला तोंडावर बसतो. रस्ता एकच, ऋतू एकच, आमची तोंडं फक्त उलट्या दिशेला आहेत. म्हणजे ती चुकीचं बोलत नव्हती. हे मी इथे मान्य करतो. पण हिवाळ्याचं माझं मत त्याने बदलत नाही, आणि मी ते तिला सलग दोन सकाळी सांगितलं आहे.

तेव्हा मामा, माझा निर्णय कळवतो आणि पत्र आटोपतं घेतो. मोटारसायकल घेणार नाही. सायकलला नवीन टायर टाकणार आहे. हिवाळ्याच्या मुद्द्यावर मी कुणापुढेही माघार घेणार नाही, मग ते तुम्ही असा, तिचे वडील असोत की ती. आळेफाट्याच्या मंडळींना माझ्या वतीने क्षमा मागून रविवार रद्द कळवा. गेणभाऊंना चहा द्या, त्यांना साखर चालत नाही असं ते म्हणतील, पण तीन चमचे घाला.

तुमचा भाचा,
राजरत्न

ता.क. पाहुण्यांच्या अंगणात बुटात पाय घालत असताना तुम्ही तिच्या वडिलांच्या कानात काय सांगितलंत, ते मला आता कळलं आहे. “सायकल तात्पुरती हाये, गाडी शोरूमला लागलीये, लाल रंगाची.” मामा, लाल? हे मला कळायला सहा सकाळी लागल्या. एका दिवशी तिने विचारलं, “गाडी कधी येणार?” दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “कुठली?” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मामा म्हणाले ती, शोरूममधली लाल.” मग रविवार आडवा आला. तो रविवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सोमवारी मी चिंचेच्या बऱ्याच आधीपासून ओरडत गेलो की गाडी नाही, नव्हती, येणार नाही. टोमॅटोवाल्या सगळ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. मंगळवारी ती म्हणाली, “मग बाबांना कुणी सांगायचं?” बुधवारी म्हणाली, “मी तर सायकलवाल्याला हो म्हटलं होतं.” मामा, त्यांचं ‘कळवतो’ अडकलंय ते माझ्या सायकलमुळे नाही. तिचे वडील शोरूममधून गाडी यायची वाट बघतायत, आणि तिला वाटत होतं की सायकल हे माझं सोंग आहे. तेव्हा गेणभाऊंचा चहा झाला की लगेच निमगावला जा आणि तुमच्या तोंडाने सांगा की गाडीची गोष्ट खोटी आहे. पायाला सूज असेल तर रिक्षा करा. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल.

ता.क. दुसरं. शाळेला सुट्टी लागायला रविवार सोडून आठ दिवस राहिलेत. त्यानंतर जूनपर्यंत ती त्या रस्त्याने येणार नाही. म्हणजे माझ्याकडे आठ वाक्यं आहेत. हे लक्षात घेऊन निघा.

ता.क. तिसरं आणि शेवटचं. काल तिने जाता जाता विचारलं, “लग्न कधी म्हणता?” मी ठामपणे सांगितलं, “हिवाळ्यात.” आज सकाळी तिने ब्रेक दाबला. चिंचेखाली, सगळ्यांसमोर, पाय टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “तोवर रोज एकेकच वाक्य बोलायचं का?” मी उभा राहिलो, पण मागून कांद्याचा ट्रॅक्टर हॉर्न मारत आला आणि आम्हाला निघावं लागलं. उत्तर उद्या सहा चाळीसला द्यायचं आहे, आणि ते मी ठरवलं आहे. मामा, मे महिन्यातला कुठलाही रविवार बोलून या. आपल्यात मुहूर्त बघत नाहीत, त्यामुळे तुम्हालाही सबब नाही आणि त्यांनाही नाही. विहारासमोरचा मांडव मात्र मोठा घाला, ऊन फार असतं. आणि पहिला रविवार मिळत असेल तर दुसऱ्याचं नावही काढू नका.